जुन्या मोटरबोटीचा गिअर लिव्हर आणि डॅशचे स्विच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिडकलच्या पाण्यावर, कृष्णाकाठी उगार-कुडची-अथणीकडे आणि घाट उतरून कारवारच्या खाडीत ज्यांच्या बोटी आहेत, त्यांचे फोटो आणि प्रश्न मला सतत येतात. बहुतेक बोटी गोव्याकडून किंवा मुंबईकडून जुन्या घेतलेल्या असतात. इंजिन ठणठणीत असतं, पण ज्याला रोज हात लागतो तेच झिजलेलं असतं: लिव्हर, केबलची टोकं, चावी, स्विच. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढे प्रत्येक उत्तरात सांगणार नाही. पंख्याजवळ (प्रोपेलरजवळ) किंवा केबलवर काम करताना चावी खिशात ठेवा, किल स्विचची (म्हणजे दोरी निघाली की इंजिन थांबवणाऱ्या स्विचची) दोरी काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. पंखा हाताने फिरवायचा असेल तर स्पार्क प्लगही काढून ठेवा.

१. गिअरचा लिव्हर फार ढिला झालाय. आख्खा कंट्रोल बॉक्स बदलावा लागेल का?

बहुधा नाही. लिव्हर स्वतः क्वचितच खराब होतो, झिजतात ते त्याच्या मागचे सांधे. एका लिव्हरच्या बॉक्समध्ये दोन केबल निघतात, एक गिअरची आणि एक थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा वेग कमीजास्त करणारी. लिव्हर उभा असला की न्यूट्रल. पुढे किंवा मागे साधारण ३० अंश नेला की गिअर पडतो आणि त्याच्या पुढे ढकलाल तसं इंजिन वेग घेतं. गिअरच्या केबलचा सगळा प्रवास जेमतेम तीन इंचांचा असतो. त्यात बॉक्सकडे दोन मिलिमीटर, इंजिनकडे दोन मिलिमीटर असा प्ले (ढिलेपणा) साठत गेला की लिव्हर पुढे दिसतो आणि खाली गिअर अर्धाच बसलेला असतो. लिव्हर जे दाखवतो तेच पंख्याने केलं पाहिजे. एवढं जमलं की दुरुस्ती झाली, बॉक्स जुना दिसला तरी चालेल.

२. प्ले नेमका कुठे आहे हे कसं ओळखायचं?

दोन माणसं लागतात. एकाने लिव्हर हळूहळू, अगदी थोडा थोडा हलवायचा. दुसऱ्याने आधी बॉक्सचं झाकण काढून तिथली पिन पाहायची, मग इंजिनकडच्या टोकावर बोट ठेवायचं. लिव्हर हलतोय आणि पिन हलत नाही, असं जिथे दिसेल तिथे झीज आहे. बॉक्सकडची पिन लगेच हलते, पण इंजिनकडचं टोक उशिरा हलतं, असं झालं तर केबलचं बाहेरचं आवरण क्लॅम्पमध्ये सरकतंय का ते पाहा. हे फार जण विसरतात. आवरण घट्ट धरलेलं नसेल तर आतली तार ढकलण्याऐवजी आख्खी केबलच पुढेमागे होते.

माझ्याच बोटीचं सांगतो. संध्याकाळी काठाला येताना मी लिव्हर रिव्हर्सला टाकला आणि बोट तशीच पुढे जात राहिली. नाक दगडांवर आपटलं, फायबरचा टवका उडाला. कोणाला लागलं नाही. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तेव्हा कळलं की नायलॉनचा छोटा बुश (पिन ज्यात फिरते ती कडी), जो गोल असायला हवा, तो घासून अंड्यासारखा लांबुळका झाला होता. पिनेला कॉटर पिनच (पिन निसटू नये म्हणून घालतात ती छोटी दुपदरी तार) नव्हती. आधीच्या कोणीतरी तिच्या जागी बांधकामाची तार पिळून घातली होती, आणि ती गंजून तुटली होती. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती, आणि मी ती वर्षभर पुढे ढकलली होती.

३. बुश कुठेच मिळत नाही. लेथवर करून घेतला तर चालेल का?

चालेल, आणि बेळगावात हे काम जेवढं नीट होतं तेवढं फार थोड्या गावांत होत असेल. उद्यमबागेत लेथचं बारीक काम करणारे बरेच आहेत. फक्त तीन गोष्टी सांभाळा.

माल डेलरीनचा (हे एक कठीण प्लास्टिक) मागा. तो पाणी जवळजवळ शोषत नाही. नायलॉन थोडं पाणी शोषून फुगतं आणि मग पिन जाम होते. पितळही चालतं, पण गोड्या पाण्यात. कारवारच्या खाऱ्या पाण्यात पितळ आणि स्टील एकमेकांना लागून राहिले की गंज वाढतो. साध्या लोखंडाचा बुश कधीच नको.

माप झिजलेल्या बुशवरून देऊ नका, तो खोटं माप सांगतो. व्हर्नियरने पिन मोजा, लिव्हरच्या चकतीतलं भोक मोजा आणि ही दोन मापं कागदावर काढून द्या. पिन आणि बुशमध्ये ०.१ मिलिमीटरच्या आसपास मोकळीक पुरते.

पिनसुद्धा पाहा. तिच्यावर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नव्या बुशाचे महिनाभरात तेच हाल होतील. स्टेनलेस पिन, नवी कॉटर पिन आणि केबलच्या टोकाला नायलॉन असलेला लॉक नट घालून मगच झाकण लावा.

४. लिव्हर जड जातो. केबलमध्ये तेल किंवा ग्रीस सोडू का?

नको. बोटीच्या पुश-पुल (ढकलून आणि ओढून चालणाऱ्या) केबलमध्ये आत प्लास्टिकचं अस्तर असतं, ती कोरडीच चालावी अशी बनवलेली असते. वरून सोडलेलं तेल सुरुवातीला बरं वाटतं, मग धूळ धरतं आणि काही महिन्यांत आत लगदा होतो. ग्रीस लावायचं ते बाहेरच्या सरकत्या दांड्याला आणि पिनांना, तेही पाण्यात टिकणारं मरीन ग्रीस.

जडपणा केबलचा आहे की गिअरचा हे आधी वेगळं करा. इंजिनकडचं टोक सोडा आणि लिव्हर हलवा. अजून जड असेल तर बॉक्सकडचंही सोडा आणि केबल हाताने ढकलून पाहा. केबल एकटीच जड असेल तर ती बदलायची. आवरणावर फुगवटा, चीर किंवा तांबूस गंजाचं पाणी दिसलं तर तपासायचीही गरज नाही. पुश-पुल केबल सहसा एकदम जात नाही, ती आधी महिनाभर जड होत जाते. तो इशारा मनावर घ्या.

५. नवी केबल किती लांबीची घ्यायची?

जुन्या केबलच्या आवरणावर नंबर आणि लांबी छापलेली असते. ओल्या फडक्याने पुसा आणि मोबाईलच्या टॉर्चने तिरपा उजेड टाकून वाचा. ते पुसलं गेलं असेल तर जाड दोरी घेऊन बॉक्सपासून इंजिनपर्यंत केबल जिथून जाणार त्याच वाटेने फिरवा आणि ती दोरी मोजा. केबल फुटांच्या हिशेबाने येतात. माप दोन लांबींच्या मध्ये पडलं तर पुढची लांबी घ्या. वळण २० सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा आवळू नका. इंजिन पूर्ण डावी-उजवीकडे वळवून आणि वर उचलून केबल ताणली जात नाही ना, हे बसवण्याआधी पाहून घ्या.

६. केबल बदलली. आता ॲडजस्टमेंट कशी करायची?

लिव्हर बरोबर न्यूट्रलच्या खाचेत ठेवा. इंजिनकडचा गिअरचा हातही न्यूट्रलमध्ये ठेवा. तो खरंच न्यूट्रलमध्ये आहे का हे पंखा हाताने दोन्ही दिशांना फिरवून बघा, मोकळा फिरला पाहिजे. मग केबलच्या टोकाचा आट्यांवर फिरणारा तुकडा पुढेमागे करून असा लावा की पिन जोर न देता भोकात जाईल. जोर देऊन घालावी लागली तर माप चुकलं आहे. आटे निम्म्याहून जास्त बसलेले हवेत.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. एकाने पंखा हाताने हळू फिरवत राहायचं, दुसऱ्याने लिव्हर पुढे टाकायचा. पंखा अडला पाहिजे. रिव्हर्सलाही तसंच. दोन्हीकडे लिव्हर जवळजवळ सारखाच कलला की गिअर पडला पाहिजे. एकीकडे लवकर आणि एकीकडे उशिरा पडत असेल तर टोक एक-दोन फेरे फिरवा. गिअरचं जुळल्यावरच थ्रॉटलची केबल जोडा. न्यूट्रलमध्ये थ्रॉटलचा हात आयडलच्या (सगळ्यात कमी वेगाच्या) थांब्याला टेकलेला हवा. गिअर पूर्ण पडण्याआधी वेग वाढता कामा नये.

७. केबल उलटी लागली का? लिव्हर पुढे टाकला की बोट मागे जाते!

कधी कधी तसंच असतं. एकाच बॉक्समध्ये केबल लावायला दोन भोकं असतात, चकतीच्या वर आणि खाली, कारण काही इंजिनांना पुढच्या गिअरसाठी केबल ढकलायची असते तर काहींना ओढायची. बॉक्स एका कंपनीचा आणि इंजिन दुसऱ्याचं असेल तर हा घोळ हमखास होतो. केबल दुसऱ्या भोकाला लावून पाहा आणि मग ६ व्या प्रश्नातली तपासणी पुन्हा पहिल्यापासून करा. दोन इंजिनांच्या बोटीत एक पंखा उलट्या फिरकीचा असू शकतो, तिथे पंख्यावर लिहिलेली दिशा आधी वाचा.

८. गिअर टाकताना कर्रकर्र आवाज येतो. हळूहळू टाकला तर गिअर वाचेल ना?

उलट होतं. आउटबोर्डमध्ये (बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन) आणि बऱ्याच स्टर्नड्राइव्हमध्ये (इंजिन आत, गिअर आणि पंखा मागे बाहेर) दातांचा क्लच असतो. हळू टाकलं की दात एकमेकांवर घासत राहतात आणि त्यांचे कोपरे गोल होतात. इंजिन आयडलला आणा, एक क्षण थांबा आणि लिव्हर एकदाच, ठामपणे खाचेत टाका. आयडल वेग मॅन्युअलमध्ये दिलाय त्यापेक्षा वर असेल तर आधी तो उतरवा. हे सगळं करूनही पुढच्या गिअरमधून बोट सुटत असेल तर केबल पुन्हा तपासा (६ वा प्रश्न). केबल बरोबर असेल तर दात झिजलेत, आणि ते काम खालचा गिअरकेस खोलणाऱ्या मेकॅनिकचं आहे.

९. लिव्हर चालता चालता आपोआप मागे सरकतो. स्प्रिंग गेली का?

सरकत असेल आणि गिअर मात्र सुटत नसेल, तर तो थ्रॉटलचा घर्षण स्क्रू ढिला आहे. बॉक्सच्या बाजूला किंवा झाकणाखाली असतो, पाव फेरा आवळा. न्यूट्रलची खाचच लागत नसेल, लिव्हर लोण्यासारखा पुढेमागे जात असेल, तर आतली छर्रा-स्प्रिंग तुटली आहे. झाकण प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उघडा. छर्रा उडाला तर बिल्जमध्ये (बोटीच्या तळात) सापडणार नाही.

१०. चावी फिरवतो, काहीच होत नाही. लिव्हर थोडा हलवला की स्टार्ट घेते.

हा न्यूट्रल सेफ्टी स्विच. गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरू नये म्हणून तो असतो. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (सर्किट जोडलेलं असलं की वाजतो त्या खुणेवर) ठेवा: लिव्हर न्यूट्रलला असताना आवाज यायला हवा, पुढे-मागे टाकल्यावर बंद व्हायला हवा. बऱ्याचदा स्विच चांगला असतो, झिजलेल्या बुशमुळे चकती त्याचं बटण पूर्ण दाबत नाही. म्हणून आधी १ आणि २ वाचा.

हा स्विच जोडून टाकला, म्हणजे बायपास केला तर? असं दर महिन्याला कोणीतरी विचारतं. करू नका. गिअरमध्ये इंजिन सुरू झालं की बोट एकदम उडी मारते. उभा माणूस पाण्यात पडतो, आणि पंखा तिथेच फिरत असतो. कृष्णेच्या काठावर पोरं पाण्यात असतात. नवा स्विच मिळेपर्यंत बोट काठाला ठेवा.

११. किल स्विच आउटबोर्डचा आणि इनबोर्डचा (इंजिन बोटीच्या आत) एकच असतो का?

नाही, आणि ही चूक महागात पडते. बहुतेक आउटबोर्डमध्ये दोरी निघाली की स्विचचे आतले पॉइंट जुळून इग्निशन अर्थला (निगेटिव्हला) जोडलं जातं आणि इंजिन थांबतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या इनबोर्ड आणि स्टर्नड्राइव्हमध्ये बहुधा उलट असतं: दोरी निघाली की सर्किट तुटतं. चुकीच्या जातीचा बसवला तर इंजिन सुरूच होणार नाही, किंवा दोरी काढली तरी चालूच राहील. बसवल्यावर आयडलला दोरी ओढून पाहा. नंतरही दर महिन्याला ओढा.

१२. डॅशचा स्विच दाबतो, दिवा लागत नाही. स्विच बदलला तरी तेच!

कारण स्विच खराब नव्हताच. आलेल्या स्विचच्या तक्रारींपैकी फार मोठा भाग निगेटिव्ह तारेचा किंवा कळकलेल्या टर्मिनलचा निघतो. बदलण्याआधी मीटरने बघा. दिवा किंवा पंप जोडलेला असताना स्विचच्या दोन टर्मिनलांवर मीटरच्या दोन तारा धरा. स्विच चालू केला की शून्याच्या जवळ व्होल्टेज दिसलं पाहिजे. अर्धा व्होल्ट दिसला तर स्विचचे आतले पॉइंट जळलेत, बदला. शून्य दिसतंय आणि तरी दिवा मंद, तर मीटरची लाल तार दिव्याच्या निगेटिव्हला आणि काळी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. तिथे व्होल्टेज दिसलं तर परतीची वाट खराब आहे. स्विचच्या दोन टर्मिनलांवर मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवत असेल तर चालू केल्यावरही स्विचचे आतले पॉइंट जुळतच नाहीत.

स्विचमधला छोटा लाल दिवा लागत नाही पण पंप चालतो, असं असेल तर त्या दिव्याला स्वतंत्र निगेटिव्ह लागतो. ते टर्मिनल जोडायचं राहिलं असेल.

१३. ट्रॅक्टरचे किंवा कारचे स्विच स्वस्त मिळतात. लावू का?

डॅशवर, नेव्हिगेशन दिव्यांसाठी, तात्पुरते चालतील. खाऱ्या हवेत मात्र वर्षभरात जातात. इंजिनाच्या खोलीत किंवा पेट्रोलच्या टाकीजवळ कधीच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये बसते आणि साध्या स्विचच्या आतली ठिणगी तिला पुरते. तिथे ठिणगी बाहेर जाऊ न देणारे, इग्निशन-प्रोटेक्टेड म्हणून विकले जाणारे स्विचच लावा. आत इंजिन असलेल्या पेट्रोल बोटीत सुरू करण्याआधी ब्लोअर (इंजिनाच्या खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा) चार मिनिटं चालवायचा. म्हणून ब्लोअरचा स्विच सगळ्यात आधी दुरुस्त करायचा.

रॉकर स्विच घेताना डॅशमधलं भोक मोजा. मरीन रॉकरचा कटआउट बहुधा ३७ × २१ मिलिमीटर असतो. जुनं भोक गोल असेल तर ते फायलीने चौकोनी करत बसण्यापेक्षा ॲक्रिलिकची किंवा ॲल्युमिनियमची नवी पट्टी कापून घ्या.

१४. तारा कोणत्या वापरायच्या? घरातल्या वायरिंगची उरलीय.

घरातली एकेरी जाड तार नको, कंपनाने टर्मिनलापाशी तुटते. बारीक पदरांची आणि शक्यतो कथिल चढवलेली तांब्याची तार घ्या. जुनी तार सोलून बघा. आत काळी किंवा हिरवी कळकलेली दिसली तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. नसेल लागत, तर आख्खी बदला. टर्मिनल रॅचेट क्रिम्परने दाबा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. पक्कडीने दाबलेलं टर्मिनल ओढून पाहा, बहुतेक वेळा हातात येतं.

१५. फ्यूज सारखा उडतो. मोठा घालू?

नाही. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो. मोठा फ्यूज म्हणजे तार जळणार. बिल्ज पंपाचा फ्यूज उडत असेल तर बहुधा पंपाच्या पंख्यात प्लास्टिक किंवा गवत अडकलंय.

१६. बिल्ज पंपाला चावीतून लाइन दिली तर बॅटरी वाचेल ना?

बॅटरी वाचेल, बोट बुडेल. खानापूर-चोर्ल्याकडच्या पावसात उघडी बोट एका रात्रीत भरते. फ्लोट स्विचची (पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणाऱ्या तरंगत्या स्विचची) तार बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजमधून थेट हवी. डॅशवर तीन जागांचा स्विच लावा: ऑटो, बंद, हाताने. ऑटोला असताना चावी काढली तरी फ्लोट चालला पाहिजे. फ्लोट हाताने उचलून खात्री करा.

१७. पुरात बोट बुडाली होती. स्विच आणि लिव्हर वाचतील का?

२०१९ च्या ऑगस्टच्या पुरानंतर हे सगळ्यात जास्त विचारलं गेलं, चिकोडी-रायबाग-अथणीकडून. लिव्हरचा बॉक्स बहुधा वाचतो. झाकण काढून गोड्या पाण्याने गाळ धुवा, वाळवा, नवं ग्रीस लावा. केबलमध्ये गाळ शिरला असेल तर ती फेकून द्या. उघडे टॉगल स्विच फेकून द्या. सीलबंद जातीचे रॉकर धुवून, चार दिवस सावलीत वाळवून १२ व्या प्रश्नातल्या मीटरच्या परीक्षेला लावा. किल स्विच आणि न्यूट्रल स्विच मात्र चालत असले तरी नवे घ्या, त्यांच्यावर जीव अवलंबून असतो. चावीच्या स्विचमध्ये गाळ खडखडत असेल तर तोही. नवीन लावताना मागच्या प्रत्येक टर्मिनलचा (त्यांच्यावर बी, एस, एम अशी अक्षरं असतात) फोटो आधी काढा. तारांच्या रंगावर विसंबू नका, जुन्या बोटीत आधीच्या चार हातांनी चार रंग घातलेले असतात.

१८. माझी मर्क्रुझर अल्फा गिअर काढताना बंद पडते. लिव्हर ॲडजस्ट करू?

थांबा. या स्टर्नड्राइव्हमध्ये गिअर सुटावा म्हणून एक छोटा स्विच क्षणभर इग्निशन तोडतो. खालची गिअर केबल, म्हणजे इंजिनाकडून ट्रान्सममधून (बोटीच्या मागच्या भिंतीतून) ड्राइव्हपर्यंत जाणारी, जड झाली की तो स्विच जास्त वेळ दबलेला राहतो आणि इंजिन बंद पडतं. लिव्हरकडून केलेली ॲडजस्टमेंट दोष झाकते आणि क्लचचे दात खाते. आधी खालची केबल तपासा, जड असेल तर बदला.

१९. बाकी कोणत्या बोटींना हे लागू नाही?

१९६० च्या दशकातल्या काही जॉन्सन आणि एव्हिनरुड इंजिनांत गिअर विजेवर पडतो. तिथे लिव्हर हाच एक स्विच आहे, गिअरची केबल नाही, त्यामुळे १ ते ९ विसरा आणि मीटर घ्या. त्या गिअरकेसमध्ये कोणतं तेल चालतं हे मॅन्युअल पाहूनच ठरवा, नेहमीचं गिअर ऑइल घालू नका. दोन लिव्हरच्या जुन्या बॉक्समध्ये गिअर आणि थ्रॉटल वेगवेगळे असतात. तिथे थ्रॉटल पूर्ण खाली आणल्याशिवाय गिअरला हात लावू नका, अडवणारं बहुधा काही नसतं. आणि लिव्हरपासून इंजिनपर्यंत केबलऐवजी फक्त विजेची तारच जात असेल, तर तो बॉक्स घरी उघडू नका. तो त्या इंजिनाच्या माहितगाराकडेच न्या.